न दिसणारें कुंपण



कुंपण म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें कांहीं तरी धडधडीत दिसणारी वस्तु उभी राहते. बाभळीच्या काट्यांची वई असो, घायपाताची रांग असो, दगडांचा गडगा असो, किंवा अलीकडची काटेरी तार असो. येणाऱ्याला अडविणें आणि जाणाऱ्याला थांबविणें हें तिचें काम, व तें ती आपल्या देहाच्या बळावर करते. आज ज्या कुंपणाविषयीं मी बोलणार आहें, तें अगदीं निराळ्या जातीचें आहे. तें दिसत नाहीं. त्याला हात लावतां येत नाहीं. गाय, माणूस, वारा, पाऊस, कोणालाहि तें अडवीत नाहीं. अडवितें तें एकाच प्राण्याला, म्हणजे ज्याच्या गळ्यांत विशिष्ट पट्टा आहे अशा कुत्र्याला. आणि तेंहि त्या कुत्र्यास कोणी तरी नीट शिकविलें असेल तरच. ही शेवटची अट आपण विशेष ध्यानांत ठेवावी, कारण आजच्या भाषणाचें सार तींतच आहे.

असल्या साधनाचें सोलापुराकडे काय काम, असें कोणी विचारील. आपल्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांचीं घरें पुष्कळदां गांवठाणांत नसून शेतांतील वस्तीवर असतात. वस्तीला भिंत नसते, फाटक नसतें. कुत्रें मात्र असतेंच. तें राखणीला हवें, म्हणून मोकळें सोडावें लागतें. आणि मोकळें सोडलें कीं तें कोठें जाईल याचा नेम राहत नाहीं. पुण्याहून सोलापुरावरून हैदराबादेकडे जाणारा महामार्ग, तसाच धुळ्याकडून येऊन विजापुराकडे जाणारा महामार्ग, हे दोन्ही आतां रुंद झाले आहेत, आणि त्यांवरील वाहनांचा वेगहि वाढला आहे. अशा रस्त्याच्या कडेच्या वस्तीवरचें कुत्रें एखाद्या वासामागें दहा पावलें पुढें गेलें, तर तें परत येईलच असें नाहीं. त्याला चुकवितांना दुचाकीवरचा मनुष्य पडतो तो निराळाच. दुसरीकडे उत्तर सोलापुरांत नान्नजचें माळरान आहे. माळढोक पक्ष्यांकरितां १९७९ सालीं तेथें अभयारण्य स्थापन झालें. माळढोक आतां क्वचितच दृष्टीस पडतो. तरी काळवीट, लांडगे, खोकड आणि जमिनीवर अंडीं घालणारे कितीतरी पक्षी त्या गवताच्या आश्रयानें जगतात. मोकाट कुत्रें तेथें अंड्यांचा व पिलांचा नाश करतें, आणि पिसाळण्यासारखे रोग लांडग्यांपर्यंत पोंचवूं शकतें. म्हणजे कुत्र्याला हद्दींत ठेवणें ही केवळ मालकाच्या सोयीची बाब नाहीं. तींत कुत्र्याचा, वाटसरूचा आणि रानांतल्या जीवांचा, असा तिघांचाहि प्राण गुंतलेला आहे.

यावर आपला पिढीजात उपाय म्हणजे साखळी. परंतु दिवसभर खुंट्याला बांधलेलें कुत्रें चिडखोर होतें, आणि ज्याची राखण करावयाची त्या अंगणालाच तें कंटाळतें. शिवाय १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमानें, जनावरास अवास्तव आंखूड किंवा जड साखळीनें अवास्तव वेळ बांधून ठेवणें, आणि नेहमीं बांधलेल्या कुत्र्यास पुरेशी हालचाल न घडविणें, हे दोन्ही अपराध ठरविले आहेत. पक्की भिंत हा उपाय उत्तम खरा. पण दोन-तीन एकरांभोंवतीं भिंत घालणें किती जणांच्या आवांक्यांत आहे? साखळी आणि भिंत यांच्या मधल्या जागेंत हें जमिनींत पुरलेलें कुंपण येतें.

अमेरिकेंतील रिचर्ड पेक यांनीं १९७३ सालीं या कल्पनेचें पेटंट मिळविलें. तिचें मूळ मात्र पुष्कळ जुनें आहे. तारेंतून वीज वाहूं लागली कीं तिच्याभोंवतीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें, हें ओर्स्टेड यांनीं १८२० सालीं दाखविलें. बदलतें चुंबकीय क्षेत्र जवळच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न करतें, हें फॅरडे यांनीं १८३१ सालीं सिद्ध केलें. हे दोन शोध एकत्र आणले कीं आपलें कुंपण तयार झालें. घरांत भिंतीवर एक लहानसें प्रेषक यंत्र बसवितात. त्यापासून निघालेली तार हद्दीच्या कडेनें जमिनींत पुरून, सर्व जागेला वळसा घालून, पुन्हां प्रेषकाशीं आणून जोडतात. या बंद वेटोळ्यांतून प्रेषक अगदीं अल्प दाबाचा, सेकंदाला कांहीं हजार वेळां दिशा बदलणारा प्रवाह सोडतो, आणि तारेच्या दोन्ही अंगांना कांहीं हातांपर्यंत चुंबकीय कंप पसरतात. कुत्र्याच्या गळपट्ट्यावर जी डबी असते, तींतील बारीक वेटोळें हे कंप टिपतें. ज्या यंत्रांतून आपण रेडिओचीं भाषणें ऐकतां, त्याच यंत्राचा हा धाकटा भाऊ समजा. फरक एवढाच कीं, याला एकच केंद्र ऐकूं येतें, आणि तेंहि चार-सहा हातांवरून. कंप टिपतांच डबी प्रथम बारीक आवाज करते. कुत्रें मागें वळलें कीं आवाज थांबतो. तें पुढेंच गेलें, तर डबीच्या तळाशीं असलेल्या दोन बोथट धातूच्या टोंकांतून त्याच्या मानेच्या कातडीला क्षणिक झटका बसतो.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा झटका जमिनींतील तारेंतून येत नाहीं. तो गळपट्ट्यावरील डबींतल्या लहानशा बॅटरींतून येतो. म्हणून पुरलेल्या तारेवरून मूल चाललें, म्हैस बसली, किंवा पाणी सांचलें, तरी कोणाला कांहीं होत नाहीं. या साधनाची दुसऱ्या दोन गोष्टींशीं गल्लत होतां कामा नये. पहिली गोष्ट म्हणजे रानडुकरांपासून पीक राखण्याकरितां शेतकरी वापरतात तें झटका मशीन. त्याची तार उघडी असते. तिच्यांतून हजारों व्होल्टांचा, पण अगदीं निमिषमात्र टिकणारा ठोका थांबून थांबून सोडलेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे घरची २३० व्होल्टची वीज थेट कुंपणाच्या तारेला जोडणें. हा गुन्हा आहे, आणि या प्रकारानें जनावरेंच नव्हेत, तर माणसेंहि प्राणांस मुकलीं आहेत. आज वर्णन केलेल्या साधनाच्या नांवाखालीं असला प्रयोग कोणीहि करूं नये, हें मी हात जोडून सांगतों.

आतां तार पुरण्याविषयीं. साधनाबरोबर येणाऱ्या पुस्तिकेंत दोन-तीन इंच खोल चर पुरे, असें बहुधा लिहिलेलें असतें. हिरवळीच्या अंगणाला तें ठीक. सोलापूरच्या काळ्या रानाला तें पुरत नाहीं. आपली काळी माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत अशी आकसते कीं तिच्या भेगांत हात जावा. या ओढाताणींत ताणून पुरलेली तार तुटते. म्हणून काळ्या मातींत ती किंचित् नागमोडी व सैल सोडावी, आणि शक्य तर प्लॅस्टिकच्या नळींतून न्यावी. मुरमाड जमिनींत भेगांचें भय नाहीं. परंतु टोंकदार खड्यानें तारेचें आवरण सोललें जातें, म्हणून तेथें चरांत आधीं बारीक माती पसरावी. नांगराखालीं येणाऱ्या रानांतून तार कधींच नेऊं नये. बांधाच्या आंतल्या अंगानें न्यावी. कोपरे काटकोनी न ठेवतां गोलसर वळवावे. पंपाच्या किंवा घराच्या वीजतारेशीं तिला समांतर नेऊं नये; ओलांडावीच लागली तर काटकोनांत ओलांडावी. प्रेषकापासून हद्दीपर्यंतच्या पट्ट्यांत कुत्र्याला मोकळेपणीं वावरतां आलें पाहिजे. तेथें जाणारी व येणारी अशा दोन्ही तारा दोरीसारखा पीळ देऊन एकत्र न्याव्या. दोहोंतील प्रवाह उलट दिशांनीं वाहत असल्यामुळें त्यांचीं क्षेत्रें एकमेकांना मारतात, आणि तेवढा भाग मुका होतो. वळिवाच्या विजांपासून प्रेषक जपावा, आणि वीज गेली असतां कुंपण चालू राहावें म्हणून बॅटरीची सोय करून ठेवावी. आणखी एक गोष्ट: हद्द रस्त्याला नेऊन भिडवूं नये. रस्ता आणि तार यांच्यामध्यें निदान दहा-बारा हातांचें अंतर राखावें. याचें कारण मी पुढें सांगणार आहें.

तार पुरून झाली म्हणजे कुंपण झालें असें मानणारा मनुष्य फसतो. तार जमिनींत असते. कुंपण कुत्र्याच्या मनांत घालावयाचें असतें. तें तेथें कसें उभें राहतें, हें समजण्यासाठीं दोन प्रयोग सांगितले पाहिजेत. १९५३ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील सॉलोमन व वाइन या मानसशास्त्रज्ञांनीं आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मध्यें अडसर असलेल्या दोन कप्प्यांच्या पेटींत कुत्र्यास ठेवावयाचें. एक दिवा मालवून त्यास खूण द्यावयाची. आणि दहा सेकंदांनंतर त्याच्या पायांखालच्या जाळींतून विजेचा तीव्र झटका सोडावयाचा. थोड्याच खेपांनंतर कुत्रीं खूण होतांच, झटक्यापूर्वींच, अडसरावरून उडी मारून पलीकडे जाऊं लागलीं. पुढें झटका अजिबात बंद केला, तरी तीं शेंकडों खेपांपर्यंत उड्या मारीतच राहिलीं. दुसरा प्रयोग सेलिग्मन व मायर यांनीं १९६७ सालीं प्रसिद्ध केला. यांत कांहीं कुत्र्यांना आधीं असे झटके दिले कीं, त्यांनीं कांहींहि केलें तरी ते चुकत नव्हते. नंतर त्यांना दोन कप्प्यांच्या पेटींत ठेवलें, तेव्हां एका उडींत सुटका होण्यासारखी असूनहि त्यांतील पुष्कळ कुत्रीं जागचीं हललीं नाहींत. तीं पडून राहिलीं, आणि निमूटपणें सोशीत राहिलीं.

हे प्रयोग निर्दय होते यांत संशय नाहीं, आणि आज त्यांचें समर्थन कोणी करणार नाहीं. परंतु त्या मुक्या जीवांनीं जें सोसलें, त्यांतून निघालेलें ज्ञान तरी आपण वायां जाऊं देऊं नये. पहिल्या प्रयोगावरून असें दिसतें कीं, कुत्रें खूण शिकतें, आणि एकदां खूण शिकल्यावर शिक्षेची गरज जवळजवळ उरत नाहीं. दुसऱ्यावरून असें दिसतें कीं, सुटकेची वाट ठाऊक नसतांना झालेली शिक्षा कांहींच शिकवीत नाहीं. ती फक्त मन मोडते. गळपट्टा बांधून, 'लागेल एकदां, म्हणजे कळेल' असें म्हणत जो आपलें कुत्रें मोकळें सोडतो, तो नकळत हाच दुसरा प्रयोग घरीं करीत असतो. यावरून आपल्या शिक्षणाचा क्रम ठरतो. आधीं आवाज, मग त्या आवाजाचा अर्थ, मग सुटकेची वाट. आणि झटका सर्वांत शेवटीं व कमींत कमी.

शिक्षणास घ्यावयाचें कुत्रें सुमारें सहा महिन्यांचें तरी झालेलें असावें. नांवाला ओ देणें, 'ये' म्हणतांच येणें, दोरीला न ओढतां चालणें, एवढें त्याला आधीं आलें पाहिजे. आजारी किंवा गाभण कुत्रीला, तसेंच फटाका वाजतांच खाटेखालीं दडणाऱ्या भित्र्या कुत्र्याला या वाटेस लावूं नये. जें आधींच माणसांवर धांवून जातें, त्यालाहि लावूं नये. त्याला भिंतच पाहिजे. पट्टा प्रथम आठवडाभर यंत्र बंद ठेवून नुसताच घालावा, म्हणजे पट्टा आणि संकट असा संबंध त्याच्या मनांत जुळत नाहीं. पट्टा व मान यांमध्यें एक बोट शिरेल इतका तो सैल असावा. आपल्याकडील देशी कुत्र्यांची, विशेषतः कारवान जातीच्या शिकारी कुत्र्यांची लव आंखूड असते. त्यांना आंखूड टोंकें पुरतात. पट्टा दिवसांतून आठ-दहा तासांहून अधिक ठेवूं नये, आणि रोज काढून मान पाहावी. टोंकें एकाच जागीं दाबून राहिलीं म्हणजे तेथें जखम होते. ती दाबानें झालेली असते, विजेनें नव्हे. परंतु उन्हाळ्यांत माशा बसून ती चिघळावयास वेळ लागत नाहीं.

न दिसणारी हद्द आरंभीं तरी दिसावयास हवी. म्हणून तारेचा आवाज जेथें सुरू होतो त्या रेषेवर दर पांच-सहा हातांवर काठीला कापडाची झेंडी बांधावी. येथें लोक हौसेनें तांबडें कापड घेतात, आणि तेंच चुकतें. कुत्र्याला तांबडा व हिरवा हे रंग नीट वेगळे ओळखतां येत नाहींत. निळा आणि पिवळा हे त्याला चांगले कळतात. आपल्याकडील वाळलेल्या पिंवळट गवतावर निळी झेंडी सर्वांत उठून दिसते. ती वाऱ्यानें हलत असली तर अधिकच बरें, कारण हलणाऱ्या वस्तूकडे कुत्र्याचें लक्ष चटकन् वेधतें.

धडा सकाळीं लवकर किंवा दिवस कलल्यावर घ्यावा. चैत्र-वैशाखांत सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो; तापलेल्या जमिनीवर कुत्र्याचे तळवे भाजत असतां त्याचें लक्ष धड्यांत कसें राहणार? दहा-पंधरा मिनिटांचे दोन धडे एका दिवसाला पुष्कळ झाले. शिकविणारा घरांतील एकच मनुष्य असावा. आणि जो शब्द ठरेल तो घरांतील सर्वांनीं पाळावा. एकानें 'मागें' म्हणावें, दुसऱ्यानें 'फिर' म्हणावें, तिसऱ्यानें दगड उचलावा, असें झालें म्हणजे कुत्रें गोंधळतें, आणि मग त्याला मूर्ख म्हणण्यास आपण मोकळे होतों.

पहिले पांच-सहा दिवस झटका पूर्ण बंद ठेवावा. फक्त आवाज चालू असावा. कुत्र्याला लांब दोरीनें धरून सहज फिरत फिरत झेंडीकडे न्यावें. आवाज होतांच क्षणभर थांबावें. मग 'मागें' हा एकच शब्द उच्चारून, दोरी हलकेंच आंत घेत, आपणहि चार पावलें आंत धांवावें. कुत्रें आंत आलें व आवाज थांबला, कीं तत्क्षणीं भाकरीचा तुकडा द्यावा आणि पाठीवर थाप मारावी. हें एकाच जागीं न करतां हद्दीच्या निरनिराळ्या ठिकाणीं करावें. नाहीं तर त्या एका जागेचेंच त्याला भय बसतें आणि बाकीची हद्द त्याच्या लेखीं उघडीच राहते. कुत्र्याला झेंडीपलीकडून कधींहि हांक मारूं नये. ज्याच्या शब्दावर त्याचा विश्वास आहे, त्यानेंच त्याला संकटांत बोलाविलें तर तो विश्वास पुन्हां जोडणें कठीण. दोरीला ताण नसतांना, आवाज ऐकतांच कुत्रें आपण होऊन वळलें आणि आपल्या हाताकडे पाहूं लागलें, म्हणजे पहिला धडा पुरा झाला असें समजावें.

कांहीं समजूतदार कुत्र्यांचें शिक्षण येथेंच संपतें, आणि त्यांच्या बाबतींत झटक्याचें नांव काढण्याचें कारण नाहीं. ज्यांना आवाज पुरत नाहीं त्यांच्यासाठींच पुढची पायरी आहे. झटक्याची सर्वांत खालची मात्रा लावावी. आणि तत्पूर्वीं ती टोंकें स्वतःच्या तळहातावर टेकवून मालकानें ती अनुभवावी. जी स्वतःच्या हातास सोसवत नाहीं, ती कुत्र्याच्या मानेवर देण्याचा आपल्याला अधिकार नाहीं. कुत्र्यानें कान हलविले, मान झटकली, कीं मात्रा पुरेशी आहे. तें किंकाळलें, पोट जमिनीला लावून बसलें, किंवा शेंपूट पायांत घालून घराकडे पळालें, तर मात्रा जास्त झाली. त्या दिवशीं धडा बंद ठेवून पुन्हां नुसत्या आवाजापासून आरंभ करावा. झटका बसला कीं क्षणाचाहि विलंब न लावतां दोरीनें त्याला आंत घ्यावें आणि आंत आल्यावर शाबासकी द्यावी. एका धड्यांत असा अनुभव एकदां, फार तर दोनदां यावा. आणि प्रत्येक धड्याचा शेवट अंगणाच्या मध्यभागीं खेळण्यानें व्हावा, म्हणजे आंतली जागा सुखाची हें त्याच्या मनावर ठसतें.

तिसरी पायरी मोहाची. दोरी हातांत असतांना हद्दीबाहेर चेंडू टाकावा, शेळी न्यावी, घरांतील मुलाला पलीकडून चालत जाण्यास सांगावें. कुत्रें झेंडीपर्यंत धांवून स्वतः थांबलें, तर त्या वेळचें बक्षीस नेहमींपेक्षां मोठें असावें. नंतर दोरी जमिनीवर लोळत ठेवावी. मग ती काढून, आपण समोर बसून, अर्धा तास मोकळें सोडावें. आणि तो वेळ रोज थोडा थोडा वाढवावा. सर्व सुरळीत चाललें, तर आठवड्यानें एकाआड एक झेंडी काढावी, आणि पुढच्या पंधरवड्यांत उरलेल्या काढाव्या. एकंदर महिना-सव्वा महिन्याचें हें काम आहे. जो आठ दिवसांत उरकूं पाहतो, त्याला तें पुन्हां पहिल्यापासून करावें लागतें.

कुत्र्याला फिरावयास बाहेर न्यावयाचें असेल तेव्हां आंतच पट्टा उतरवावा, दोरी लावावी, आणि नेहमीं एकाच वाटेनें, एकच शब्द बोलून बाहेर न्यावें. आरंभीं तें पाय रोवून उभें राहील. त्याला ओढूं नये. लहान असेल तर उचलून न्यावें, मोठें असेल तर वाहनांत बसवून न्यावें. मालकाबरोबर आणि ठरलेल्या वाटेनेंच हद्द ओलांडतां येते, एवढें त्याला हळूहळू समजतें.

आतां या कुंपणाच्या उणिवा. रस्ता आणि तार यांत अंतर ठेवावें असें मी मघां म्हटलें, त्याचें कारण असें कीं, कुत्रें झटक्याचा संबंध जमिनीशींच जोडील असा भरंवसा नाहीं. त्या क्षणीं समोर जें असेल त्याच्याशीं तें तो जोडतें. शाळेला जाणारें मूल कडेनें जात आहे, कुत्रें त्याच्याकडे धांवतें, आणि नेमका तेव्हां झटका बसतो. असें दोन-चारदां घडलें कीं त्या मुलाला पाहतांच तें गुरगुरूं लागतें. मायाळू कुत्रें असें बिघडूं शकतें, आणि दोष मात्र त्याच्या जातीला दिला जातो. आषाढीच्या आधीं नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगांव या वाटेनें पालखी जाते. त्या रस्त्यालगतच्या वस्त्यांवर हजारों अनोळखी माणसें एकाच दिवशीं दिसतात. त्या दिवसांत कुत्र्याला हद्दीच्या भरंवशावर न ठेवतां आंत बांधावें किंवा खोलींत ठेवावें. दुसरी उणीव अशी कीं, फार चेतलेलें कुत्रें झटका सोसून पार निघून जातें, आणि शांत झाल्यावर परत येतांना पुन्हां झटका बसेल या भयानें बाहेरच राहतें. तिसरी सर्वांत मोठी. हें कुंपण आपल्या कुत्र्याला आंत ठेवतें, पण परक्याला बाहेर ठेवीत नाहीं. लांडगा, भटक्या कुत्र्यांची टोळी, दगड मारणारा मनुष्य, यांना तें मुळींच अडवीत नाहीं. उलट संकट आलें असतां आपल्या कुत्र्याची पळण्याची वाट मात्र तें बंद करतें. म्हणून हद्दीच्या आंत पक्का निवारा हवा, पिसाळण्याच्या रोगावरील लस दर वर्षीं टोंचलेली हवी, आणि भटकण्याची ओढ कमी व्हावी म्हणून नराची शस्त्रक्रियाहि करून घ्यावी.

झटका देऊन शिकविणें मुळांतच अनुचित, असें मानणारा मोठा पक्ष जगांत आहे. वेल्समध्यें तर २०१० सालीं कुत्र्यामांजरांना झटका देणारे गळपट्टे वापरण्यास कायद्यानें बंदी करण्यांत आली. या पक्षाला उत्तर देतांना आपण घाई करूं नये. कारण त्याच्या बाजूचा सबळ पुरावा आपल्याच जिल्ह्यांत हिंडत असतो. सांगोला, मंगळवेढें, माळशिरस या भागांतील धनगरांचीं कुत्रीं पाहा. मेंढरें आज या रानांत बसतात, उद्यां त्या रानांत. वाघूर रोज नवी लागते आणि रोज मोडते. कोठें तार नाहीं, झेंडी नाहीं, गळ्यांत डबी नाहीं. तरी रात्रभर कुत्रें कळपाला सोडून दूर जात नाहीं. याचें रहस्य पिलाच्या वयांत आहे. जन्मानंतर सुमारें तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत पिलूं ज्यांच्या सहवासांत वाढतें, त्यांना तें आपलें मानतें. धनगराचें पिलूं या वयांत मेंढरांच्या उबेंत असतें. म्हणून जेथें कळप तेथें त्याचें घर, आणि कळप जेथें संपतो तेथें त्याची सीमा. जमीन बदलते, सीमा बदलत नाहीं.

वस्तीवरच्या कुत्र्यालाहि हा लाभ कांहीं अंशीं देतां येतो. पिलूं घरीं आल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ त्याला दोरीनें बांधाच्या कडेकडेनें फिरवावें. कडेला थांबून आंत वळलें कीं बक्षीस द्यावें. त्याला पोटभर अन्न, पुरता व्यायाम आणि माणसांचा सहवास द्यावा. ज्याला आंत सुख आहे, त्याला बाहेरची ओढ कमी असते. हें करूनहि रस्त्याचें भय उरत असेल, भिंत परवडत नसेल, आणि साखळीशिवाय दुसरा मार्ग दिसत नसेल, तर जमिनींतील तारेचा विचार करावा, असें माझें मत आहे. तार ही उपायांच्या यादींत शेवटची असावी, पहिली नसावी.

आणि ती घेतलीच, तर एक हिशेब मनाशीं ठेवावा. तारेला पैसे पडतात, प्रेषकाला पैसे पडतात; ते एकदां दिले कीं संपले. महिनाभर रोज अर्धा तास आणि भाकरीचे कांहीं तुकडे, हा खरा खर्च आहे, आणि तो टाळला तर बाकीचा सारा फुकट जातो. ज्या कुत्र्यानें आपल्या दारांत उभें राहून रात्रीच्या रात्रीं जागून काढल्या, त्याच्यासाठीं हा खर्च जास्त आहे असें मला वाटत नाहीं.